परदेशी वार्ताहराला युद्धग्रस्त भागांत मानवाधिकार संशोधक म्हणून काम करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बरीच वर्षे परदेशी प्रतिनिधी म्हणून युद्धे आणि यादवी यांचे वार्तांकन केलेल्या एका पत्रकाराला आता मानवाधिकार संघटनेत किंवा संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या चौकशी यंत्रणेत संशोधक म्हणून काम करायचे आहे. आधीच्या अनुभवाचा कितपत उपयोग होईल, नव्याने काय शिकावे लागेल, कायद्याची पदवी नसल्यामुळे अडेल का आणि अर्ज कुठे व कसा करावा, असे त्यांनी विचारले आहे. मी स्वतः एका वृत्तसंस्थेतून या कामात आलो आणि पुढे नव्या संशोधकांची निवड व तयारी करण्याची जबाबदारीही माझ्याकडे आली, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

हा बदल शक्य आहे आणि त्याची वाट मळलेली आहे. कोरिन डफ्का या रॉयटर्सच्या छायाचित्रकार होत्या. एल साल्वादोर, बोस्निया आणि आफ्रिकेतील अनेक युद्धे टिपल्यानंतर १९९९ मध्ये त्या ह्यूमन राइट्स वॉचच्या संशोधक म्हणून सिएरा लिओनमध्ये काम करू लागल्या. मीनाक्षी गांगुली या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या दक्षिण आशियातील प्रतिनिधी होत्या आणि २००४ मध्ये त्याच संघटनेत आल्या. अनोळखी प्रदेशात पोहोचणे, घाबरलेल्या माणसाला बोलते करणे, परस्परविरोधी माहितीतून वाट काढणे आणि मुदतीत लिहून देणे या गोष्टी वार्ताहराला शिकवाव्या लागत नाहीत. निवड समितीलाही त्यांची किंमत ठाऊक असते. पण नेमक्या याच गुणांवर विसंबून आलेले पत्रकार पहिल्या वर्षात अडखळतात, असे मला वारंवार दिसले आहे. काम तेच आहे, फक्त जास्त वेळ मिळेल आणि शेवटी शिफारशी जोडायच्या, अशा समजुतीने ते आलेले असतात. प्रत्यक्षात साक्षीदाराशी असलेले नाते आणि सत्य सिद्ध करण्याची पातळी या दोन्ही गोष्टी येथे बदललेल्या असतात.

बोस्नियातील स्रेब्रेनित्सा या गावाचे उदाहरण घ्या. जुलै १९९५ मध्ये तेथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियातील मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’चे डेव्हिड रोड हे सर्बांच्या ताब्यातील प्रदेशात शिरून संशयित सामूहिक कबरींपर्यंत पोहोचले आणि उकरलेल्या मातीतून बाहेर आलेले मानवी हाड त्यांनी पाहिले. त्या वार्तांकनासाठी त्यांना १९९६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पत्रकारितेने याहून अधिक काय करावे? परंतु हत्या कोणत्या तुकडीने केल्या, आदेश कोणाकडून आला, प्रेते नंतर यंत्रांनी उकरून दुसऱ्या कबरींत कोणी हलवली आणि मृतांपैकी कोण कोण होते, हे ठरवायला उत्खनन, डीएनए चाचण्या, सैन्याच्या बिनतारी संभाषणांच्या नोंदी आणि वाचलेल्या मोजक्या माणसांच्या साक्षी लागल्या. जनरल रादिस्लाव क्रस्टिच यांना ऑगस्ट २००१ मध्ये माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेग येथील न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी ठरवले, आणि २००४ मध्ये अपिलात तेही ‘वंशसंहाराला साहाय्य’ इतके कमी झाले. रोड यांना दिसलेले हाड आणि तो निकाल यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढ्या अंतरात मानवाधिकार संशोधक काम करतो. तो पोलीस नाही आणि न्यायाधीशही नाही, पण त्याने केलेली नोंद उद्या पोलीस व न्यायाधीश या दोघांपुढे जाऊ शकते.

हे प्रत्यक्ष मुलाखतीत कसे उतरते ते पाहू, कारण या पेशाचा गाभा मुलाखतच आहे. निर्वासितांच्या छावणीत एक माणूस तुम्हाला सांगतो, “सैनिकांनी गावातल्या सगळ्यांना मारले.” वार्ताहराच्या दृष्टीने हे अवतरण तयार आहे. संशोधकाचे काम या वाक्यापासून सुरू होते आणि त्यातला प्रत्येक शब्द त्याला सोडवावा लागतो. प्रथम त्या माणसाला मध्ये न थांबवता सारे बोलू द्यायचे. मग कागद आणि पेन्सिल पुढे ठेवून गावाचा नकाशा काढायला सांगायचे: रस्ता कोणत्या बाजूने येतो, विहीर कुठे, तुम्ही ज्या भिंतीआड लपलात ती कोणती, तेथून शाळेचे अंगण दिसते का, दिसत असेल तर मध्ये झाडे आहेत का. घड्याळातली वेळ त्याला आठवत नाही. पण गुरे बाहेर काढली होती का, पहाटेची नमाज झाली होती का, सावली कोणत्या अंगाला पडत होती, हे आठवते. ‘सगळ्यांना’ या शब्दाचे तीन वेगळे रकाने करावे लागतात. कोणाला त्याने डोळ्यांदेखत पडताना पाहिले, कोणाची प्रेते नंतर पाहिली आणि कोणाबद्दल इतरांकडून ऐकले. पहिल्या रकान्यात बहुधा चारच नावे राहतात, दुसऱ्यात दहा-अकरा आणि बाकीचे सारे तिसऱ्यात. यात तो माणूस खोटे बोलत नसतो. आपल्या गावावर काय कोसळले ते एका वाक्यात सांगण्याचा तो प्रयत्न करत असतो.

मग ‘सैनिक’. गणवेश कोणत्या रंगाचा होता, सर्वांचा एकसारखा होता की काहींच्या अंगावर साधे कपडे होते, खांद्यावर किंवा दंडावर काही चिन्ह होते का, ते आपसात कोणती भाषा बोलत होते, गाड्या कोणत्या होत्या आणि त्यांच्यावर काय लिहिले होते, बिनतारी यंत्र कोणाच्या हाती होते, कोणी बोलल्यावर बाकीचे थांबले. शेवटचे दोन प्रश्न पत्रकार सहसा विचारत नाहीत आणि संशोधनात तेच सर्वांत मोलाचे ठरतात. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराप्रमाणे आपल्या हाताखालचे लोक गुन्हे करत आहेत हे ज्या सेनाधिकाऱ्याला माहीत होते किंवा परिस्थिती पाहता माहीत असायला हवे होते, आणि तरीही ज्याने ते रोखण्यासाठी वा शिक्षा करण्यासाठी आवश्यक ती पावले उचलली नाहीत, तो स्वतः जबाबदार ठरू शकतो. बंदूक चालवणाऱ्यापासून त्या अधिकाऱ्यापर्यंत जाणारी साखळी अशाच किरकोळ वाटणाऱ्या तपशिलांतून जुळते.

यानंतर एक अवघड प्रश्न येतो, ज्याच्यापाशी पत्रकारितेतून आलेले बरेच जण कचरतात. त्या दिवशी गावात सशस्त्र माणसे होती का? कोणाच्या घरात शस्त्रे होती का? जवळ चौकी, दारूगोळ्याचे कोठार किंवा तोफ होती का? ज्याने आदल्या आठवड्यात भाऊ पुरला आहे त्याला हे विचारणे क्रूर वाटते. पण १९४९ चे जिनीव्हा करार आणि १९७७ चे त्यांचे अतिरिक्त प्रोटोकॉल (पूरक करार) यांच्या चौकटीत प्रत्येक नागरी मृत्यू हा युद्धगुन्हा नसतो. लढणारे आणि नागरिक यांच्यात फरक केला होता का, अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होती का, हल्ल्याआधी आवश्यक ती काळजी घेतली होती का, या कसोट्यांवर घटना तपासावी लागते. गावात दोन बंदूकधारी होते म्हणून संपूर्ण गाव लक्ष्य ठरत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मात्र ते दोघे होते ही गोष्ट तुमच्या अहवालात नसेल आणि सैन्याच्या प्रवक्त्याने ती दुसऱ्या दिवशी चित्रफितीसह जाहीर केली, तर तुमच्याबरोबर त्या गावाची साक्षही तोंडघशी पडते. हा प्रश्न विचारण्याआधी तो का विचारत आहोत हे साक्षीदाराला सांगावे. लोक समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

कायद्याची पदवी लागते का, याचे उत्तर येथेच देऊन टाकतो. पदवी नसेल तर अडत नाही, पण ज्ञान नसेल तर अडते. आंतरराष्ट्रीय आणि अंतर्गत सशस्त्र संघर्षांना लागू होणारे नियम कसे वेगळे आहेत, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी हल्ला व्यापक किंवा पद्धतशीर असल्याचे का दाखवावे लागते, वंशसंहारासाठी १९४८ च्या करारातील ‘उद्देश’ सिद्ध करणे इतके कठीण का असते, एवढे नीट समजल्याशिवाय क्षेत्रात जाऊ नये. वार्ताहराच्या लेखणीला ‘कत्तल’, ‘वंशसंहार’, ‘नरसंहार’ हे शब्द सहज येतात. आमच्याकडे त्यांतील प्रत्येक शब्दावर कायदा विभागाशी वाद होतो, आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा.

आता शहानिशेबद्दल. तुम्ही म्हणाल, दोन स्वतंत्र सूत्रांशिवाय आम्हीही छापत नाही. खरे आहे, पण ती दोन सूत्रे स्वतंत्र आहेत हे कशावरून? छावणीत शेजारी शेजारी राहणाऱ्या, रोज संध्याकाळी त्याच घटनेबद्दल बोलणाऱ्या दोघांच्या आठवणी काही दिवसांत एकमेकींत मिसळतात. म्हणून एकाच गावातून निघून वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचलेले साक्षीदार शोधावे लागतात, प्रत्येकाशी एकांतात बोलावे लागते आणि आधीच्या साक्षीदाराने काय सांगितले याचा सुगावाही पुढच्याला लागू द्यायचा नसतो. घोळक्यात उभे राहून घेतलेल्या मुलाखतीला पुरावा म्हणून फारसा अर्थ नाही. बोलण्याला वस्तूंची जोड हवी: रुग्णालयाची नोंदवही, थडग्यांवरील तारखा, खड्ड्याची खोली आणि दिशा, बॉम्बच्या शेपटीच्या तुकड्यावरचा उत्पादन क्रमांक. तुकड्याचे छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि न फुटलेल्या कशालाही हात लावू नये. २१ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियातील घूता भागात झालेल्या रासायनिक हल्ल्यानंतर ह्यूमन राइट्स वॉचला तेथे जाता आले नव्हते. तरीही स्थानिक लोकांनी मोजमापांसह पाठवलेल्या छायाचित्रांवरून १४० आणि ३३० मिलिमीटर व्यासाचे दोन प्रकारचे रॉकेट ओळखता आले, आणि ते कोणाच्या शस्त्रसाठ्यातले असू शकतात या प्रश्नाला त्यातून दिशा मिळाली.

शहानिशा न झाल्यास काय होते हे या क्षेत्राने १९९० मध्ये पाहिले आहे. इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयांत अर्भकांना इन्क्युबेटरमधून बाहेर काढून मरू दिले, अशी साक्ष त्या वर्षी १० ऑक्टोबरला एका किशोरीने अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या एका मंचापुढे दिली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने डिसेंबरच्या अहवालात तीनशेहून अधिक अर्भकांच्या मृत्यूचा आकडा दिला. युद्धानंतर त्याला आधार सापडला नाही आणि संघटनेला तो मागे घ्यावा लागला. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या असल्याचेही पुढे उघड झाले. इराकी सैन्याने कुवेतमध्ये केलेले खरे अत्याचार कमी नव्हते. तरी आजही एखाद्या सरकारला मानवाधिकार अहवाल धुडकावून लावायचा असेल, तर ते याच प्रसंगाकडे बोट दाखवते.

संख्येबाबतही सवय बदलावी लागते. शितावरून भाताची परीक्षा करणे ही वार्ताहराची कला आहे: एक कुटुंब निवडायचे आणि त्याच्यातून युद्ध दाखवायचे. आम्हाला मात्र हे शीत बाकीच्या भातासारखे आहे की नाही तेच आधी तपासावे लागते. म्यानमारसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाला त्या देशात पाऊल ठेवू दिले गेले नाही. मंडळाने बाहेर राहून ८७५ सविस्तर मुलाखती घेतल्या, त्या उपग्रह प्रतिमांशी ताडून पाहिल्या आणि रोहिंग्या राहत असलेल्या उत्तर राखाइन प्रांतातील किमान ३९२ गावे पूर्णतः वा अंशतः नष्ट झाल्याचे २०१८ मध्ये नोंदवले. जळालेली गावे आणि बाजूची न जळालेली गावे यांचा आराखडा जेव्हा रोहिंग्या आणि इतर समाजांच्या वस्तीच्या आराखड्याशी जुळतो, तेव्हा आग अपघाताने लागली हे म्हणणे टिकत नाही. सीरियाच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत ३,०६,८८७ नागरिक मारले गेल्याचा अंदाज २०२२ मध्ये दिला. त्यातले १,४३,३५० मृत्यू नाव, तारीख आणि ठिकाण यांसह नोंदलेले होते आणि उरलेला भाग संख्याशास्त्रीय पद्धतीने काढलेला होता. आकडा देताना त्यातील नोंद किती आणि अंदाज किती हे असे वेगळे सांगणे ही या पेशाची शिस्त आहे.

साक्षीदाराशी बदललेल्या नात्याकडे येतो. वार्ताहर विचारतो, “तुमचे नाव छापू का?” संशोधकाला बरेच काही विचारावे लागते: ही माहिती आमच्या अहवालात वापरू का, नावाशिवाय वापरू का, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेला देऊ का, उद्या एखाद्या न्यायालयाने मागितली तर देऊ का, आणि तेव्हा तुमच्याशी संपर्क कसा साधू? प्रत्येक प्रश्नाला वेगळे उत्तर असू शकते आणि ते वेगळे नोंदवावे लागते. नंतर संमती मागे घेता येईल, आणि कोणत्या टप्प्यापर्यंत घेता येईल, हेही स्पष्ट सांगावे. साक्षीच्या बदल्यात पैसे किंवा मदत देता येत नाही आणि तसे आश्वासनही देता येत नाही, हे मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

न्यायालयाचा मुद्दा कागदोपत्री वाटत असेल तर ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जोनाथन रँडल यांचे प्रकरण पाहा. बोस्नियन सर्ब नेते रादोस्लाव ब्रजानिन यांची त्यांनी १९९३ मध्ये घेतलेली मुलाखत खटल्यात अभियोग पक्षाला महत्त्वाची वाटली आणि न्यायाधिकरणाने त्यांना साक्षीसाठी बोलावणे पाठवले. त्यांनी नकार दिला. डिसेंबर २००२ मध्ये अपील पीठाने निर्णय दिला की, पुरावा खटल्याच्या मूळ मुद्द्यासाठी थेट महत्त्वाचा असेल आणि अन्यत्र मिळण्यासारखा नसेल, तरच युद्धवार्ताहराला साक्षीची सक्ती करता येईल. ‘गार्डियन’च्या एड वल्यामी यांनी उलट भूमिका घेऊन हेगमध्ये स्वेच्छेने साक्षी दिल्या. पत्रकारांत हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या कामात मात्र तुम्हाला बाजू आधीच ठरवावी लागते. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला साक्ष देण्यापासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या नियमांतच संरक्षण आहे, कारण तिचे सारे काम गोपनीयतेवर उभे आहे. रवांडातील वंशसंहाराचा सखोल अभ्यास केलेल्या अ‍ॅलिसन डेस फोर्जेस यांच्यासारख्या संशोधकांनी रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे अनेकदा तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. आपण ज्या संस्थेत जातो तिचे धोरण काय, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारून घ्या.

कधी कधी मुलाखत न घेणे हेच योग्य असते, आणि वार्ताहराला हे सर्वांत जड जाते. ‘इस्लामिक स्टेट’च्या कैदेतून सुटलेल्या इराकमधील यझिदी स्त्रियांना, तसेच २०१७ नंतर बांगलादेशातील छावण्यांत आलेल्या रोहिंग्या स्त्रियांना, पत्रकार, संस्था आणि चौकशी अधिकारी यांच्यापुढे तोच अत्याचार पुनःपुन्हा सांगावा लागला. यातून मानसिक इजा तर होतेच, शिवाय एकाच व्यक्तीचे अनेक जबाब तयार होतात आणि त्यांतल्या किरकोळ विसंगती पुढे बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत वापरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोजस्ट ही युरोपीय संघाची न्यायसहकार्य संस्था आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयाने नागरी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हाच इशारा आहे. लैंगिक अत्याचारांच्या नोंदीसाठी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर झालेली मुराद संहिता आहे. ती अर्ज करण्यापूर्वीच वाचावी.

स्थानिक सहकाऱ्यांविषयी थोडे. तुमच्या वार्तांकनाच्या दिवसांत ज्याला फिक्सर म्हणत असाल, तोच माणूस येथे संशोधन सहायक किंवा दुभाषी असतो आणि तुम्ही विमानात बसल्यावर तो तेथेच राहतो. दुभाषी कोणत्या समाजाचा आहे, स्त्री आहे की पुरुष, त्याचे नातेवाईक कोणत्या बाजूला आहेत, यावर साक्षीदार काय बोलेल हे ठरते. त्याने ‘ती म्हणते की’ असे सुरू न करता साक्षीदाराचेच शब्द प्रथमपुरुषी सांगावेत आणि सारांश करू नये, हे आधी घटवून घ्यावे लागते. चौकीवर मोबाइल तपासला जाईल हे धरून चालावे. मुलाखतींच्या नोंदी त्या मोबाइलवर असता कामा नयेत. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो: पत्रकाराच्या व्हिसावर किंवा जुने ओळखपत्र दाखवून संशोधनासाठी जाऊ नका. त्यामुळे संशोधन अडचणीत येतेच, शिवाय त्या देशातील प्रत्येक वार्ताहर हेर ठरण्याचा धोका वाढतो.

डिजिटल पुराव्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचे आणि आजचे काम यांत मोठा फरक पडला आहे. लिबियातील सेनाधिकारी महमूद अल-वेर्फली याच्याविरुद्ध ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून निघालेले अटक वॉरंट बव्हंशी समाजमाध्यमांवरील चित्रफितींवर आधारलेले होते. सात प्रसंगांत ३३ जणांच्या हत्येचा आरोप त्यात होता. त्याच वर्षी यूट्यूबने यंत्रप्रणालीद्वारे आक्षेपार्ह चित्रफिती हटवायला सुरुवात केली आणि सीरियातील युद्धाच्या कितीतरी नोंदी नाहीशा झाल्या. चित्रफीत सापडताक्षणी मूळ स्वरूपात, तारीख-वेळेसह जतन करणे आणि डोंगराची रेषा, मिनार, सावल्या यांवरून ठिकाण व वेळ निश्चित करणे आता प्रत्येकाला यावेच लागते. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि बर्कली विद्यापीठाचे मानवाधिकार केंद्र यांनी २०२० मध्ये जाहीर केलेली बर्कली संहिता या विषयाचा पाया आहे.

“मग मी कार्यकर्ता होणार का?” असेही तुम्ही विचारले आहे. शिफारशी कराल, मंत्र्यांच्या आणि राजदूतांच्या दालनांत बसून त्या रेटाल, तेव्हा त्या अर्थाने हो. निष्कर्षांच्या बाबतीत नाही. कायदा दोन्ही बाजूंना सारखा लावायचा असतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅम्नेस्टीने युक्रेनचे सैन्य शाळा आणि रुग्णालयांत तळ ठोकून नागरिकांना धोक्यात आणत असल्याचे म्हटले, तेव्हा प्रचंड टीका झाली आणि संघटनेच्या युक्रेन शाखेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. आक्रमण झालेल्या देशाच्या सैन्याचीही नोंद घेतली पाहिजे हे माझे ठाम मत आहे. पण तो निष्कर्ष मांडताना कायद्याचा नेमका कोणता नियम कुठे मोडला गेला हे जितके काटेकोर हवे, तितके ते त्या मजकुरात नव्हते, असेही मला वाटते. संबंधित सरकारला किंवा सैन्याला निष्कर्ष आणि प्रश्न प्रकाशनापूर्वी काही आठवडे लेखी कळवून त्यांच्या उत्तराला अहवालात जागा देणे ही आमची पद्धत आहे. छपाईच्या आदल्या संध्याकाळी प्रवक्त्याला फोन करण्याची सवय मोडावी लागते.

कुठे जावे हे तुमच्या स्वभावावर आहे. ह्यूमन राइट्स वॉच आणि अ‍ॅम्नेस्टी यांचे बळ प्रकाशनात आहे आणि पत्रकाराला तेथे सर्वांत लवकर रुळता येते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगांत ‘विश्वास ठेवण्यास वाजवी कारण’ ही पुराव्याची पातळी असते, तुमचे नाव कुठेही येत नाही आणि लिहिलेले बरेचसे गोपनीय राहते. त्यांच्या पी-३ (मधल्या स्तराच्या) श्रेणीच्या पदासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि पाच वर्षांचा संबंधित अनुभव मागतात, मात्र पदवीला जास्त अनुभवाची जोड असेल तर तीही चालते. न्यायालयीन तपासात पातळी ‘वाजवी संशयापलीकडे’ जाते आणि कामाचा वेग आणखी कमी होतो. बहुतेक पदे अल्पमुदतीची असतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यानंतर पुरावे जमवणाऱ्या अनेक लहान संस्था अडचणीत आल्या, त्यामुळे सध्या स्पर्धा तीव्र आहे हे गृहीत धरा.

मनावर होणाऱ्या परिणामाचे ओझे तुम्ही आधीच वाहत असाल. अँथनी फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युद्धवार्ताहरांपैकी सुमारे २९ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर तणावविकार झाल्याचे आढळले होते. या कामात गोळीबार कमी ऐकू येतो, पण एकाच प्रकारच्या अत्याचाराचे तपशील सलग अनेक महिने ऐकावे लागतात. चित्रफिती तपासताना आवाज बंद ठेवणे, पडद्यावरील चित्राची चौकट लहान करणे आणि झोपण्यापूर्वी ते काम न करणे हे साधे उपाय खरोखर उपयोगी पडतात. युद्धातून सुटका हवी म्हणून हा बदल करत असाल, तर करू नका.

शेवटी अर्जाबद्दल. सोबत लेखनाचा नमुना मागतात आणि पत्रकार हमखास आपला गाजलेला दीर्घ लेख पाठवतात. त्याऐवजी एकाच घटनेवर आठ-दहा पानांचे टिपण तयार करा: काय घडले, कशावरून कळले, कोणता पुरावा कोणत्या पुराव्याशी जुळत नाही, कोणता नियम लागू होतो, आणि कोणत्या निष्कर्षाप्रत जाता येत नाही. ज्या घटनेचे वार्तांकन पूर्वी केले आहे तीच घेतली तरी चालेल. मात्र त्या वेळी तुमच्याशी बोललेल्या लोकांनी ते वर्तमानपत्रासाठी सांगितले होते. ते या टिपणात वापरायचे असेल तर पुन्हा त्यांची संमती घ्या, आणि त्यांच्याशी संपर्क साधणे त्यांच्यासाठी धोक्याचे असेल तर केवळ सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेल्या पुराव्यावर टिपण लिहा.